शंभर ते तीनशे रुपयांचा सायफन पंप: कॅनमधलं डिझेल तोंड न लावता कसं काढायचं

कॅनमधलं डिझेल इंजिनाच्या टाकीत घालायचं तर आजही पुष्कळ ठिकाणी एकच पद्धत दिसते. नळीचं एक टोक कॅनमध्ये, दुसरं तोंडात, आणि जोरात ओढायचं. डिझेल ओठाशी आलं की टोक पटकन खाली सोडायचं. एखाद्या वेळी अंदाज चुकतो, ठसका लागतो आणि डिझेल श्वासनळीत उतरतं. पोटात गेलेल्या डिझेलपेक्षा फुप्फुसात गेलेलं चमचाभर डिझेल जास्त घातक असतं. पातळ असल्यामुळे ते आत झरझर पसरतं, दाह होतो आणि काही तासांनी ताप, धाप, न्यूमोनिया अशी लक्षणं दिसू लागतात. म्हणून कोणी चुकून डिझेल किंवा रॉकेल गिळलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीबरोबर तेच तेल पुन्हा वर येतं आणि फुप्फुसात जातं. माणसाला बसतं ठेवा, तेलाने भिजलेले कपडे काढा आणि खोकला थांबला असं वाटलं तरी दवाखान्यात न्या.

हा धोका टाळणारी वस्तू हार्डवेअरच्या किंवा शेतीसाहित्याच्या दुकानात साधारण शंभर ते तीनशे रुपयांत मिळते: लाल फुग्याचा, दोन नळ्यांचा प्लास्टिकचा सायफन पंप. वस्तू साधी आहे, पण ‘दोन दिवसांत बिघडला’ म्हणून ती शेडच्या कोपऱ्यात पडलेलीही खूप दिसते. बहुतेक वेळा पंप चांगलाच असतो. कॅन चुकीच्या उंचीवर ठेवलेला असतो, नाहीतर एखाद्या सांध्यातून हवा शिरत असते. या दोन गोष्टी नीट कळल्या तर हाच पंप चार-पाच वर्षं टिकतो.

पंपात असतं काय

कॅनमध्ये जाते ती ताठ नळी. दुसरी लवचीक नळी टाकीत सोडायची. दोन्ही नळ्या जिथे मिळतात तिथे फुगा बसवलेला असतो. फुग्याच्या आसपास दोन झडपा असतात. झडप म्हणजे नखाएवढी रबराची किंवा प्लास्टिकची चकती, एकाच बाजूला उघडणारी. बऱ्याच पंपांना माथ्यावर एक छोटी फिरकी असते, ती हवेसाठी.

फुगा दाबला की आतली हवा टाकीकडच्या झडपेतून बाहेर जाते. कॅनकडची झडप त्या दाबानेच मिटते. फुगा सोडला की तो पुन्हा फुलू पाहतो, आत पोकळी तयार होते, टाकीकडची झडप मिटते आणि कॅनकडची उघडून डिझेल वर चढतं. असं चार-पाच वेळा झालं की डिझेल वळण ओलांडून लवचीक नळीत उतरतं आणि इथून पुढे फुग्याचं काम संपतं. खाली उतरणाऱ्या डिझेलचं वजन वरच्या डिझेलला आपल्यामागे ओढत राहतं. यालाच सायफन म्हणतात.

होडीच्या आउटबोर्ड इंजिनाच्या इंधननळीवर बाण काढलेला काळा रबरी फुगा असतो. तो याच जातीचा. काही हातपंप तसल्याच फुग्याचे मिळतात, दोन्हीकडे लवचीक नळी असलेले. त्यात बाणाची दिशा टाकीकडे ठेवायची, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सारखंच. तिसरा प्रकार नळीच्या टोकाला पितळेची तोटी आणि आत गोळी असलेला. तोटी डिझेलमध्ये बुडवून वरखाली हिसके दिले की धार सुरू होते. पाण्याला तो उत्तम, पण अर्ध्यावर आलेल्या अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये हिसके द्यायला जागा मिळत नाही. डिझेलसाठी फुग्याचाच घ्यावा.

उतार दिल्याशिवाय सायफन नाही

कॅनमधल्या डिझेलची पातळी आणि लवचीक नळीचं सुटं टोक, या दोन उंचींतला फरक म्हणजे तुमचा उतार. टोक टाकीतल्या डिझेलमध्ये बुडालेलं असेल तर टाकीतली पातळी धरायची. नळी मध्येच कॅनच्या तोंडावर चढून खाली आली तर काही बिघडत नाही. मात्र शेवटचं टोक कॅनमधल्या पातळीपेक्षा खाली हवंच. कॅन रिकामा होत जातो तशी त्याची पातळी उतरते. म्हणून हिशोब भरलेल्या कॅनचा न करता कॅनच्या तळाचा करा. कॅनचा तळ टाकीच्या तोंडापेक्षा वीतभर तरी वर असेल तर शेवटच्या लिटरपर्यंत धार टिकते.

वेग किती मिळेल? आतून १२ मिलिमीटर व्यासाची, दोन मीटर लांबीची नळी आणि ६० सेंटिमीटर उतार असेल तर डिझेल मिनिटाला साधारण सहा-सात लिटर जातं. उतार निम्मा, म्हणजे ३० सेंटिमीटर केला तर वेग निम्मा होत नाही, चार-पाच लिटरवर येतो. उतार चौपट केला तर वेग जेमतेम दुप्पट होतो. नळीच्या जाडीचा परिणाम याहून मोठा. आतून ८ मिलिमीटरच्या नळीऐवजी १२ मिलिमीटरची घेतली तर धार अडीच पटीहून जास्त मिळते. त्यामुळे पंप घेताना लांबी आणि रंग बघण्याआधी नळीचं भोक बघा.

तुमच्या पंपाचा नेमका वेग एकदा मोजून ठेवा. पाच लिटरची खूण असलेली बादली आणि घड्याळ पुरेसं आहे. तो आकडा कॅनवर मार्करने लिहून ठेवला की पुढे अंदाजाने टाकी ओतू जात नाही.

उतारच नसेल, म्हणजे कॅन जमिनीवर आणि टाकी छातीच्या उंचीवर असेल, तर? फुग्याच्या पंपाने डिझेल वरही चढवता येतं, झडपा दोन असल्यामुळे ते परत येत नाही. पण मग प्रत्येक थेंब हाताने चढवायचा. एका दाबात ५०-६० मिलिलिटर जातं असं धरलं तर २० लिटरसाठी साडेतीनशेच्या आसपास दाब द्यावे लागतात. हात भरून येतो आणि फुगाही लवकर चिरतो.

याच कारणाने ट्रॅक्टरची टाकी भरणं हे या पंपाचं सगळ्यात अवघड काम. टाकीचं तोंड बॉनेटपाशी, उंचावर असतं. पस्तीस लिटरचा भरलेला कॅन म्हणजे २९-३० किलो वजन. तो डोक्याच्या उंचीला उचलून ठेवणं म्हणजे पाठीशी खेळ. शेडला लागून उंच ओटा किंवा भिंत असेल तर ट्रॅक्टर तिच्या खाली उभा करा. डिझेल २०-२० लिटरच्या दोन कॅनमध्ये ठेवा, म्हणजे एकेक उचल साडेसोळा-सतरा किलोची होईल. अशी जागा नसेल आणि रोज भरणं असेल तर टिपाडावर बसवायचा हँडल फिरवायचा लोखंडी पंप घ्या. तिथे शंभर रुपयांच्या फुग्याकडून अपेक्षा ठेवू नये.

जनरेटर, विहिरीवरचं तेलाचं इंजिन, पॉवर टिलर यांच्या टाक्या कमरेच्या आसपास किंवा खाली असतात. हे या पंपाचं खरं घर. आणि एक काम तो सगळ्यांत चांगलं करतो: टाकीतलं डिझेल बाहेर काढणं. टाकीत पाणी गेलं, किंवा डिझेलच्या इंजिनात चुकून पेट्रोल पडलं, तर चावी फिरवू नका. टाकी वर आणि कॅन खाली असल्यामुळे उतार आपोआप मिळतो. तोंडाशी बसवलेली जाळी काढा, नळी तळापर्यंत सोडा. पेट्रोलची भेसळ असेल तर मात्र हे काम या पंपाने करू नका, कारण पुढच्या भागात दिलंय.

आग

पेट्रोलला हा पंप लावायचा नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. कोरड्या प्लास्टिकच्या नळीतून वेगाने वाहताना स्थिर विद्युत साठते आणि एवढीशी ठिणगीही तिला पुरते. कायद्याचा मुद्दाही आहे. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही काच किंवा चिनी मातीच्या एक लिटरपर्यंतच्या किंवा धातूच्या २५ लिटरपर्यंतच्या घट्ट बुचाच्या भांड्यात. शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीचा त्यात समावेश नाही. पेट्रोल मिसळलेल्या डिझेलची वाफही पेट्रोलसारखीच वागते, ती टाकी मेकॅनिककडूनच रिकामी करून घ्या.

डिझेल सुरक्षित मानलं जातं ते पूर्ण खरं नाही. आयएस १४६० या भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस ठरवलेला आहे. म्हणजे या तापमानाला त्याच्यावर पेट घेण्याइतकी वाफ जमू शकते. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, जळगाव या भागात दुपारचा पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या शेडमधला किंवा उन्हात ठेवलेला काळा कॅन त्याहून तापतो. त्या वेळी डिझेलकडे रॉकेलइतक्याच सावधगिरीने बघा. उन्हाळ्यात भरणं सकाळी किंवा सूर्य कलल्यावर करा, उघड्यावर करा, आणि विडी-काडी, चूल, वेल्डिंग दहा-बारा पावलांच्या आत नको. चालू इंजिनात कधीही भरू नका. सायलेन्सरवर पडलेलं डिझेल धूर करतं आणि पेटतं.

साठवणीचं म्हणाल तर त्याच कायद्याने डिझेल एका जागी २,५०० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, एका भांड्यात १,००० लिटरहून जास्त नाही. शेतकऱ्याचं एखाद-दुसरं टिपाड यात सहज बसतं.

दुकानातच पंप तपासा

घरी येऊन पस्तावण्यापेक्षा दुकानात दोन मिनिटं द्या. आधी माथ्यावरची फिरकी घट्ट करा.

कॅनकडच्या ताठ नळीचं टोक बोटाने दाबून बंद करा, फुगा पूर्ण दाबा आणि सोडा. फुगा चपटाच राहिला पाहिजे. तो हळूहळू फुलत असेल तर टाकीकडची झडप, फिरकी किंवा एखादा सांधा हवा घेतोय. मग दुसरी बाजू. लवचीक नळीचं टोक अंगठ्याने बंद करा आणि फुगा दाबा. तो चेंडूसारखा कडक लागला पाहिजे. दाबताच फुसकन बसत असेल आणि ताठ नळीतून हवा येत असेल तर कॅनकडची झडप गळते.

फुगा बोटांनी चेपून बघा. पातळ, चुरचुरणारं प्लास्टिक पहिल्याच थंडीत घडीवर चिरतं. रबर असेल तर ते नायट्राइल आहे का ते विचारा. साधं रबर आणि सायकलच्या ट्यूबसारखं रबर डिझेलमध्ये फुगून मऊ पडतं. लवचीक नळी पारदर्शक हवी, कारण आत हवेचे बुडबुडे दिसल्याशिवाय दोष सापडत नाही. पारदर्शक पीव्हीसी नळी डिझेलमध्ये हळूहळू कडक होते, कारण तिला मऊ ठेवणारा घटक डिझेल शोषून घेतं. ती दर एक-दोन वर्षांनी बदलायचा भाग समजा. मीटरवर मिळते, महाग नाही.

प्रत्यक्ष भरताना

इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्यात कॅन वर ठेवून घ्या आणि त्याला हलवू नका. हलवलेल्या कॅनमधला तळाचा गाळ आणि पाणी मिसळून वर येतं, अर्ध्या तासात बरंचसं पुन्हा खाली बसतं. कॅनखाली गोणपाट घाला, गुळगुळीत ओट्यावर तो सरकतो. टाकीच्या तोंडाभोवतीची धूळ भरण्याआधी फडक्याने पुसा. टोपी उघडल्यावर पुसलं तर धूळ आत पडते.

ताठ नळी कॅनमध्ये घाला. तिचं टोक तळाला टेकू देऊ नका, दोन बोटं वर ठेवा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.८२ ते ०.८५ च्या दरम्यान. त्यामुळे कॅनमध्ये जे काही पाणी असेल ते तळाशीच असतं, आणि नोझल व इंजेक्शन पंप खराब करायला थोडंसं पाणी पुरतं. कॅनच्या उंचीनुसार नळीवर इन्सुलेशन टेपची खूण करून ठेवली की दर वेळी अंदाज करावा लागत नाही. कॅनचं तोंड नळीभोवती फडकं कोंबून बंद करू नका. डिझेल निघालं तितकी हवा आत जायला हवी, नाहीतर धार मंदावते आणि पातळ कॅन आत ओढला जातो.

लवचीक नळी टाकीत वीतभर आत सोडा आणि तोंडाशी सुतळीने बांधा. हे बांधणं लोक टाळतात. नळी भरली की ती जड होते, वळण सरळ करू पाहते आणि टाकीतून उसळी मारून बाहेर येते. सायफन चालू असताना नळी बाहेर पडली तर डिझेल थांबत नाही, कॅन रिकामा होईपर्यंत जमिनीवर जातं. टाकीच्या तोंडात स्वतःची जाळी नसेल तर बारीक जाळीचं नरसाळं लावा.

आता फिरकी घट्ट करा आणि फुगा दाबा. एकदम पटपट दाबू नका. पूर्ण दाबा, सोडा, तो पूर्ण फुलू द्या, मग पुढचा दाब. पहिल्या दोन दाबांत टाकीत फक्त हवेची फुसफुस ऐकू येते. तिसऱ्या-चौथ्याला ताठ नळीतून फिकट पिवळं डिझेल वर सरकताना दिसतं, फुग्यात येऊन गुरगुरतं आणि वळणावरून लवचीक नळीत उतरतं. नळी हाताला एकदम जड लागते. फुगा पुरता न फुलता किंचित आत ओढलेला राहतो आणि टाकीत पडणाऱ्या धारेचा आवाज सलग येऊ लागतो. इथे हात काढून घ्यायचा. पुढेही फुगा दाबत राहिलात तर काही वेग वाढत नाही, उलट सांधे ढिले होतात.

धार चालू असताना जागा सोडू नका. सायफनला टाकी भरल्याचं कळत नाही.

थांबवायचं असेल तेव्हा फिरकी ढिली करा. हवा आत शिरली की सायफन तुटतो. पण लवचीक नळीत जे आहे ते टाकीतच उतरतं. सव्वा मीटरच्या १२ मिलिमीटर नळीत दीडशे मिलिलिटरच्या आसपास डिझेल असतं. म्हणून काठोकाठ आल्यावर फिरकी ढिली करणं हे उशिराचं. टाकीचं तोंड चार बोटं मोकळं असतानाच थांबा. उन्हाळ्यात तर ही जागा लागतेच: ५० लिटर डिझेल २० अंशांनी तापलं की पाऊण लिटरहून जास्त फुगतं. पहाटे काठोकाठ भरलेली टाकी दुपारी टोपीतून पाझरते ती याच कारणाने. फिरकी नसलेला पंप असेल तर ताठ नळी डिझेलच्या वर उचलली की धार तुटते.

नळी काढताना दोन्ही टोकं वर धरा, टाकीवर दोन क्षण निथळू द्या, मग कॅनमध्ये ठेवा. इंजिन सुरू करण्याआधी सांडलेलं पुसून घ्या. भरण्यापूर्वी टाकी पूर्ण कोरडी पडली असेल तर इंजिनाने हवा धरलेली असते. जुन्या यांत्रिक इंजिनांत फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाचा दांडा हलवायचा आणि बुडबुडे थांबून नितळ डिझेल आलं की आवळायचा. त्याचा दोष सायफन पंपाला देऊ नये.

दोनशे लिटरचं टिपाड

इथे बहुतेकांची फसगत लांबीवर होते. टिपाड जवळपास ९० सेंटिमीटर उंच असतं आणि स्वस्त पंपाची ताठ नळी बहुधा त्याच्या निम्म्याच्या आत. वरचं डिझेल निघतं, मग फुगा नुसती हवा ओढतो. ताठ नळीच्या टोकाला बाहेरून घट्ट बसेल अशी नळी जोडून लांबी एक मीटरच्या पुढे न्या. जोडायची नळी गरम पाण्यात मिनिटभर धरली की मऊ होते, दोन-अडीच सेंटिमीटर आत चढवा आणि स्क्रूची क्लिप आवळा. नुसत्या तारेने बांधलेला सांधा हवा घेतो. नळी वर तरंगू किंवा वळू नये म्हणून टोकाशी एक जड नट सुतळीने बांधा, फक्त तोंड झाकणार नाही असा.

टिपाडाला दोन बुचं असतात, एक दोन इंचांचं आणि एक पाऊण इंचाचं. नळी मोठ्यातून घाला आणि लहान बूच ढिलं करा, हवा तिथून जाईल. उभ्या टिपाडाखाली एका बाजूला विटेचा तुकडा सरकवा. पाणी आणि गाळ खालच्या बाजूला जमतो. नळी चढाच्या बाजूने सोडा. नवीन भरलेलं टिपाड एक रात्र स्वस्थ उभं राहू द्या. पावसाळ्यात उघड्यावरचं टिपाड उभं ठेवलं तर वरच्या कडेत पाणी साचतं आणि रात्रीच्या गारव्याने आतलं डिझेल आकसलं की बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. ते आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं.

धार लागत नाही, तुटते किंवा मंदावते

फुगा दाबला की परत फुलतोय, पण ताठ नळीत डिझेल चढत नाही: फिरकी ढिली आहे, किंवा नळीचं टोक डिझेलच्या वर आहे. हे दोन्ही ठीक असेल तर सांधा. सांध्यांवर साबणाचा फेस लावा, लवचीक नळीचं टोक बंद करून फुगा दाबा, जिथे बुडबुडा येईल तिथे दोष. नळी काढून तिचं टोक अर्धा इंच कापा आणि पुन्हा चढवा. ताणलेलं टोक पुन्हा घट्ट बसत नाही.

डिझेल चढतं, पण हात थांबवला की परत कॅनमध्ये उतरतं: कॅनकडच्या झडपेखाली काहीतरी अडकलंय. बहुधा गवताची काडी, कुसळ किंवा कॅनच्या प्लास्टिकचा कीस. नळी पिळत काढा, झडप स्वच्छ डिझेलमध्ये खळबळा. सुईने किंवा तारेने टोचू नका, चकतीला एकदा चरा पडला की ती बंद होत नाही.

धार लागते आणि अर्ध्या मिनिटात तुटते: पारदर्शक नळीकडे बघा. वळणाच्या वर बुडबुड्यांची माळ दिसली तर हवा शिरतेय. बुडबुडे नसतील तर उतार संपलाय, कॅनमधली पातळी टाकीच्या पातळीला आलीय. कॅन वर उचलून बघा, धार पुन्हा सुरू झाली तर पंप निर्दोष आहे.

फुगा चपटा होऊन बसतो, फुलतच नाही: ताठ नळीचं तोंड तळाला किंवा कॅनच्या भिंतीला चिकटलंय. टोक तिरकं कापा, किंवा कडेला त्रिकोणी खाच पाडा, म्हणजे ते पूर्ण कधीच बंद होणार नाही.

डिझेलखेरीज

एका पंपाला एकच द्रव. डिझेलचा पंप कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला चालत नाही, वास प्लास्टिकमध्ये मुरतो. बीएस-६ ट्रकमध्ये धुरातले घातक वायू कमी करण्यासाठी लागणाऱ्या डीईएफ या द्रवाचं तर विशेष सांभाळा. तो ३२.५ टक्के युरियाचा द्राव असतो आणि त्यात गेलेलं थोडं डिझेलही महागडी यंत्रणा बिघडवतं. प्रत्येक पंपाच्या फुग्यावर वेगळ्या रंगाची टेप गुंडाळा आणि वेगळ्या खुंटीला टांगा.

वीस लिटरच्या जारमधून पाणी काढायला हा पंप उत्तम, मात्र अन्नासाठी योग्य प्लास्टिकचाच असावा. जीवामृताला फुग्याचा पंप लावू नये. शेण, बेसन आणि गूळ यांचा चोथा झडपेखाली लगेच बसतो. तिथे साधी अर्धा-पाऊण इंची नळी घ्या: ती पूर्ण पाण्याने भरा, दोन्ही टोकं अंगठ्याने बंद करा, एक टोक ड्रममध्ये बुडवून सोडा, दुसरं खाली नेऊन सोडा. झडप नाही, म्हणून अडकायला काही नाही, आणि जीवामृत कापडाने गाळलेलं असेल तर ठिबकच्या फिल्टरपर्यंत व्यवस्थित जातं. कीटकनाशक मापायचं असेल तर मापाचं भांडं वापरा, पंप नको. बॅटरीचं अॅसिडही नको. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल इतकं घट्ट असतं की या नळीतून ते फारच हळू उतरतं.

धुणं आणि ठेवणं

डिझेलचा पंप पाण्याने धुऊ नका. आत राहिलेला थेंब पुढच्या वेळी सरळ टाकीत जातो. पावभर स्वच्छ डिझेल त्यातून दोनदा काढा आणि ते वेगळ्या बाटलीत ठेवून पुढच्या धुण्याला वापरा. फिरकी ढिली करून, ताठ नळी खाली येईल असा पंप टांगा. फुग्यावर काही टेकवू नका, चपटा राहिलेला फुगा घडीवर चिरतो. दोन्ही टोकांवर जुन्या सॉक्सचं कापड बांधा. कुंभारमाशी उघड्या नळीत मातीचं घर करते, आणि ती माती पहिल्याच दाबात झडपेखाली जाते.

सांडलेल्या डिझेलवर पाणी ओतू नका, ते पसरतं आणि विहिरीपर्यंत जाऊ शकतं. लाकडाचा भुसा, कोरडी माती किंवा राख टाका, दहा मिनिटांनी गोळा करा आणि विहिरीपासून लांब, गुरांचं तोंड पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. डिझेलने भिजलेली फडकी कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, उघड्यावर दोरीवर वाळवा.